नेमाची गोळी

चूळ भरून बाबूजींनी पाणी ताटलीत सोडलं, तर ते गुलाबी होतं.

श्रिया ताटली धरून तशीच उभी राहिली. आधी तिने ताटलीकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या ओठांकडे, मग पुन्हा ताटलीकडे. बाबूजींनी ऑक्सिजनचा मास्क नाकावर ओढून घेतला आणि आतूनच म्हणाले, "अशी काय पाहून राह्यली? सासऱ्यानं पान खाल्लं म्हणून समज."

"पान तर ऑपरेशनपासून बंद आहे तुमचं."

"मग तेव्हाचं उरलंसुरलं असेल. सरकारी माणूस आहे मी. जुनी फाइल कधी वर येईल, सांगता येत नाही."

एवढ्या बोलण्यानेही त्यांना धाप लागली. खाटेशेजारच्या यंत्रावरचा आकडा घसरला आणि मग रडतखडत वर चढला. तो चढेपर्यंत श्रिया श्वास रोखून होती. हॉस्पिटलात आल्यापासून तिला ही खोडच लागली होती. त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवता ठेवता स्वतःचा घ्यायचा राहून जायचा.

ताटली धुवायला ती बेसिनपाशी गेली. नळाच्या पाण्यात लाल धागा एकदा लांबला, वळला आणि जाळीतून खाली गेला. हिरड्या असतील, तिने स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्या, त्यात दोन दिवस ब्रश नाही. पण 'असतील' या शब्दावर विसंबून गप्प बसणाऱ्यांपैकी ती नव्हती.

श्रिया गोंदियाची, बॉटनीत एम.एस्सी. झालेली. लग्न करून मध्य प्रदेशात, बालाघाटला पिंपळापुऱ्यांच्या घरी आली, ईरा झाली, आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक चौकीदार येऊन बसला. तो झोपत नसे. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ईराच्या हातात द्राक्ष जात नसे. ताप आला की श्रिया मोबाइलवर वाचत बसायची आणि वाचून वाचून स्वतःच गार पडायची. नवरा संकेत थट्टा करायचा, "आपल्या घरी ताप येत नाही, डायरेक्ट संकट येतं."

आणि या वेळी खरोखरच तसं झालं होतं. ताप आणला ईराने, बालवाडीतून. दोन दिवस ती फणफणली, तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली. मधल्या वेळात आजोबांच्या मांडीवर बसून तिने वाघाची तीच ती गोष्ट मनसोक्त शिंकत ऐकली होती. श्रिया ओरडत होती, "बाबूजी, तिला दूर ठेवा हो!" बाबूजी म्हणत होते, "लेकराच्या शेंबडाले काय घाबरायचं?" मग त्यांना ताप चढला आणि उतरलाच नाही. पायरी चढताना दम लागू लागला. फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर कापसासारखे पांढरे डाग निघाले.

साध्या म्हाताऱ्याचं एक असतं. गोपाळकृष्ण पिंपळापुऱ्यांच्या छातीत धातूची झडप होती. कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क असतानाच नागपूरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि घरी सोडताना मोठ्या सर्जननी त्यांना आणि प्रेमलताबाईंना समोर बसवून बजावलं होतं की ही रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर. एक दिवस चुकली तरी झडपेवर रक्ताची गाठ बसेल. प्रेमलताबाईंनी ते ऐकलं आणि त्याचा नेमच करून टाकला. गोळ्यांची पट्टी देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी असायची. संध्याकाळी दिवा लागला की गोळी आधी देवापुढे ठेवायची, हात जोडायचे, मग साखरेच्या चिमटीबरोबर नवऱ्याच्या तळहातावर. तोंडात गेल्याचं पाहिल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. बाहेरगावी लग्नाला गेल्या तरी पट्टी आणि छोटी देवाची तसबीर एकाच पिशवीत.

भरती करताना डॉक्टरांनी नेमकी तीच गोळी बंद केली होती.

डॉक्टर धर्मेंद्र पटले वयाने संकेतएवढेच. शिकायला नागपूरला होते, म्हणून हिंदीत बोलता बोलता मध्येच मराठीवर येत. त्यांनी श्रियाला बाजूला घेऊन समजावलं होतं. हा आजार रक्त घट्ट करतो, आणि यांच्या छातीत धातू आहे. गाठ धरली तर झडप अडकेल, नाहीतर गाठ सुटून मेंदूत जाईल. म्हणजे रक्त पातळ ठेवणं भाग आहे. पण गोळीचा आता भरवसा नाही. पोटात अन्न नाही, वरून अँटिबायोटिक. रोजचीच गोळी अशा अंगात दुपटीने चढते, आणि एकदा चढली की लवकर उतरत नाही. म्हणून त्याच कामाचं इंजेक्शन, पोटावर, सकाळ-संध्याकाळ. ते हातात राहतं. थांबवलं की दिवसभरात उतरतं.

"लेकिन दोनों साथ में नहीं, भाभीजी. एक दिन भी नहीं. घरी सगळ्यांना सांगून द्या."

श्रियाने घरी जाऊन सांगितलं. तेव्हा प्रेमलताबाई स्वयंपाकघरात होत्या, पदर नाकाला बांधून, कारण त्यांनाही खोकला होता आणि त्यामुळे हॉस्पिटलात यायला मनाई होती. ईरा श्रियाच्या कमरेवर होती आणि दूध नको म्हणून भोकाड पसरून होती.

"आई, बाबूजींची ती गोळी आता बंद केली आहे. त्याच्याऐवजी इंजेक्शन देणार आहेत."

"बंद? म्हणजे अर्धी?"

"नाही, पूर्ण बंद."

प्रेमलताबाईंनी सुनेकडे नुसतं पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला गेल्या, तो विझलाच. श्रियाने ईराचं तोंड पुसलं आणि ती आत निघून गेली. चौकीदाराचं तेव्हा लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून डबा श्रियाच नेऊ लागली. मुगाची पातळ खिचडी, कधी पेज, आणि वर प्रसादाची पुडी. जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेली साखर आणि अंगारा. बाबूजी खिचडीचे दोन घास खाऊन डबा सारायचे, पण पुडी डोळे मिटून तोंडात रिकामी करायचे आणि कागद चुरगाळून मुठीत धरायचे. सिस्टर लोक ते पाहायच्या आणि हसून दुसरीकडे वळायच्या. प्रसादाला कोण काय म्हणणार?

आणि आज हे गुलाबी पाणी.

श्रियाने खुशी सिस्टरला हाक मारली. खुशीने ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मग काही न बोलता बाबूजींची बंडी वर सरकवली. पोटावर सुयांच्या जागी काळेनिळे चट्टे होते. काल संध्याकाळी ते लिंबाएवढे होते, श्रियाला नक्की आठवत होतं. आता एकेक तळहाताएवढा झाला होता, आणि दोन चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले होते.

"दुखतं का बाबूजी?"

"नाही. पण कोण्या देशाचा नकाशा आहे, पाहून घे. ईराले शिकवाले कामी पडेल."

खुशी हसली नाही. ती जवळजवळ धावतच डॉक्टरांकडे गेली. सकाळचं इंजेक्शन थांबलं आणि रक्त तपासायला गेलं. डॉक्टर पटल्यांनी बाबूजींच्या डोळ्यांत टॉर्च मारली, दोन्ही हात घट्ट दाबायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. "सिर में दर्द? चक्कर? कुछ डबल दिख रहा है?" पुन्हा पुन्हा तेच. श्रियाला कळलं, ते डोक्यात रक्तस्राव झाला का ते पाहताहेत. हे कळल्यावर ती भिंतीला टेकली. खिडकीबाहेर समोरच्या राइस मिलचा पंखा घुमत होता, हिवाळी उन्हात कोंडा उडत होता, आणि खाली ऑटोवाला "काली पुतली, काली पुतली" असं चौकाचं नाव ओरडत सवारी बोलावत होता. लोक आपापल्या कामाला चालले होते. इथे एका माणसाचं रक्त थांबायचं विसरलं होतं.

दुपारपर्यंत खाटेखालची लघवीची पिशवी चहासारखी झाली. मग तिच्यात लाल रंग दिसायला लागला.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तो आकडा झडपवाल्या माणसाचा तीनच्या आसपास असावा लागतो, हे श्रियाला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. रिपोर्टवर आठच्या पुढचा आकडा होता.

"ये कैसे हो सकता है?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "इंजेक्शनाने हा आकडा इतका चढत नाही. टैबलेट तो बंद है ना?"

"पहिल्या दिवसापासून बंद आहे."

"पक्का? कोई काढ़ा, कोई जड़ी-बूटी, आयुर्वेदिक?"

"डॉक्टर, डबा मी स्वतः आणते. माझ्या हाताशिवाय यांच्या तोंडात घरचं काही गेलेलं नाही."

ती ते इतक्या ठामपणे म्हणाली की डॉक्टरांनी मान हलवली आणि तो विषय सोडला. मग त्यांचा चेहरा आणखी उतरला. गोळी नाही, तर मग लिव्हर. आजार लिव्हरपर्यंत पोचला असेल तर रक्त गोठवणारं द्रव्य अंगात तयारच होत नसेल. तसं असेल तर इथे ठेवण्यात अर्थ नाही. नागपूरला न्यावं लागेल, ऑक्सिजन लावून, अँब्युलन्सने, आत्ताच. रस्त्यात डोक्यात रक्तस्राव झाला तर करायला हातात काही नसेल, तेही त्यांनी लपवलं नाही.

"आप भैया को बुला लीजिए. मैं नागपुर बात करता हूँ."

संकेत बिरसाला, तहसील कार्यालयात नोकरीला होता. तिसऱ्यांदा फोन लागला. "निघालो," एवढं म्हणाला. "बाबूजी शुद्धीवर आहेत ना?" आणि जंगलाच्या रस्त्यावर फोन कटला.

श्रिया खोलीत परत आली. बाबूजी उशाला टेकून बसले होते, चेहरा मेणासारखा. आज आणलेला डबा तसाच टेबलावर होता, झाकणही उघडलेलं नव्हतं.

"दोन घास खाता का बाबूजी?"

"नको."

"पेज तरी?"

"कायबी नको. प्रसाद दे."

ती पर्स उघडता उघडता थांबली. घोटभर पाणी नको म्हणणारा माणूस प्रसाद मागत होता. मागत तरी कसा होता? हात आधीच पुढे आला होता, आणि डोळे तिच्याकडे नव्हते, दाराकडे होते. कोणी येत तर नाही ना, हे पाहणारे.

डोक्यातला चौकीदार ताडकन उठून बसला.

तिने पुडी काढली, पण त्यांच्या हातात दिली नाही.

"श्रिया. दे ना."

"एक मिनिट, बाबूजी."

"अवो, देवाचं आहे. उघडू नको तू."

तिने पुडी उघडली. साखर, वर चिमूटभर अंगारा. बोटाने तिने साखर बाजूला केली. खाली पांढरी, मधोमध रेघ असलेली, अख्खी गोळी.

खोलीत ऑक्सिजनचा फुसफुस आवाज तेवढा चालू होता. श्रियाला वाटलं आपण ओरडलो. पण ती ओरडली नव्हती. तोंड फक्त उघडं राहिलं होतं. इतके दिवस हीच पुडी तिने स्वतःच्या पर्समध्ये, वेगळ्या कप्प्यात, सांडू नये म्हणून जपून आणली होती. द्राक्षाचे चार तुकडे करणाऱ्या बाईने. डॉक्टरांसमोर आत्ताच तिने आपल्याच हाताची शपथ घ्यावी तशी ग्वाही दिली होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

बाबूजींनी मान खाली घातली. कचेरीत कोणापुढे मान खाली न घातलेला माणूस. "कडू लागते ना. माहीत कसं नाही राहणार?"

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू डॉक्टरले सांगतलं असतं." ते दमले, थांबले, मास्कमध्ये दोन श्वास घेतले. "फोनवर म्हणाली प्रेमा, मी पाठवते, तुम्ही खाऊन टाका. मलेही तेच बरं वाटलं. डॉक्टर बदलत राहतात, श्रिया. छातीतलं यंत्र तेच आहे. ते बंद पडलं तर हा पोरगा डॉक्टर काय करणार?"

"बाबूजी, इंजेक्शन त्याचंच होतं. त्याच कामाचं. दोन्ही मिळून..." तिने खाटेखालच्या लाल पिशवीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावेत.

मग त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड इतकी ढिली होती की तिला आणखी भीती वाटली. "डॉक्टरले सांगू नको. गोळी मी खाल्ली म्हण. माझ्या खिशात पट्टी होती म्हण. तिचं नाव नको घेऊ. मी गेलो तर संकेत तिचं तोंड नाही पाहणार. घरात राहायचं आहे तिले, तुमच्यासोबत."

श्रियाला क्षणभर पुढचं सगळं दिसलं. घरात बसलेली सासू, भिंतीकडे तोंड करून. तिच्याजवळून न थांबता निघून जाणारा मुलगा. आणि कोणीतरी येऊन कुजबुजत विचारणार, नेमकं काय झालं होतं हो? दाराबाहेर डॉक्टर पटल्यांचा फोनवरचा आवाज येत होता. "हाँ सर, लिवर ही लग रहा है. हाँ, वॉल्व है, माइट्रल. अभी भेजता हूँ..."

अभी भेजता हूँ. अँब्युलन्स, लांबचा रस्ता, आणि तिकडे गेल्यावर नसलेल्या आजाराचा शोध.

तिने बाबूजींची बोटं एकेक करून सोडवली आणि पुडी तशीच उघडी तळहातावर घेऊन बाहेर आली.

"डॉक्टर, लिव्हर नाही. हे आहे. रोज एक, प्रसादात. मी आणत होते. मला माहीत नव्हतं, पण आणत मीच होते."

डॉक्टरांनी फोन कानाजवळच धरून गोळीकडे पाहिलं. आधी चेहऱ्यावर राग आला, तो लपला नाही. मग तो गेला, आणि तिथे जे आलं त्याला सुटका म्हणावी की काय, तिला कळेना. "सर, एक मिनट. होल्ड कीजिए," ते फोनमध्ये म्हणाले. मग तिला: "आज की दी तो नहीं?"

"नाही. ही आजची."

"गुड. बहुत अच्छा किया जो बता दिया." आणि जाता जाता, मराठीत, न राहवून: "भाभीजी, देवाच्या नावावर असं करतात का हो?"

अँब्युलन्स थांबली. पण भीती गेली नाही, तिने फक्त कूस बदलली. डॉक्टरांनी नागपूरच्या सरांशी बराच वेळ बोलून ठरवलं ते असं: गोळी, इंजेक्शन सगळं बंद. उतारा म्हणून व्हिटॅमिन के, पण अगदी थोडं, आणि रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवून तयार ठेवायचा. थोडंच का, हेही त्यांनी सांगितलं. उतारा जास्त झाला तर रक्त एकदम घट्ट होईल आणि झडपेवर गाठ बसेल. मग उताराच जीव घेईल. कमी पडला तर रक्त वाहत राहील.

"मग कसं कळणार किती?"

"देखते रहना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले.

संकेत पोचला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. त्याला बाबूजींपाशी बसवून श्रिया घरी गेली. संकेतला तिने एवढंच सांगितलं होतं की औषध जास्त झालं, उतारा दिला आहे. खरं सांगायला तिची जीभ उचलली नाही. ऑटो मोती तालाबावरून जाताना काठावर पोरं फुगे घेऊन पळत होती. तिने डोळे मिटून घेतले.

घरी ईरा पाटीवर गोल गोल काहीतरी काढत होती. प्रेमलताबाई देवघरापुढे बसल्या होत्या. दिवा लावायची वेळ होत आली होती, पण हातात काडेपेटी नव्हती. खुशी सिस्टरने दुपारीच फोन करून लघवीच्या पिशवीत रक्त आल्याचं सांगितलं होतं आणि घरून आणखी काही देता का, म्हणून विचारलं होतं. त्यांना काय ते कळून चुकलं होतं.

"पहिल्या दिवसापासून?" श्रियाने विचारलं. ओरडायचं नाही, असं ती वाटभर स्वतःला बजावत आली होती.

"हौ. तू बंद म्हणली, त्याच दिवसापासून."

"का, आई?"

"का म्हणजे?" प्रेमलताबाई वळल्या. "ऑपरेशनच्या वक्ती बाजूच्या खाटेवर एक मास्तर होते, वारासिवनीचे. त्याइचंही असंच यंत्र. दात काढायचा म्हणून त्याइनं गोळी बंद केली, आपल्या मनानं. सकाळी चहा पीत होते, कप हातातून पडला, बस. त्याइची बायको मले सांगत होती रडत रडत. तेव्हापासून मी एक दिवस चुकवली नाही. सुतकात देवाले हात लावला नाही, पण गोळी दिली. माझी आई माहेरी हट्ट्याले वारली, तिले पोचवाले मी गेली नाही, पहिले गोळी दिली, मग गेली. आणि तू येऊन म्हणते बंद. एका शब्दात. मले वाटलं, इंजेक्शन तापाचं असेल."

"मी म्हटलं होतं, त्याच्याऐवजी."

"ईरा रडत होती ना. मले 'बंद' तेवढंच ऐकू आलं."

हे खरं होतं. श्रियाला तो क्षण जसाच्या तसा आठवला. कमरेवर पोर, एक पाय दाराबाहेर, आणि आयुष्यभराचा नेम मोडायला सांगणारी दोन वाक्यं. गोळीचं काम इंजेक्शन करणार आहे, दोन्ही मिळून जीव जाईल, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. तिने कोणाला बाजूला घेतलं नव्हतं.

"पिशवीत रक्त आलं म्हणे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मी मारलं का त्याइले?"

श्रियाला नाही म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ठाम बोलून काय होतं, ते तिने आज पाहिलं होतं.

"अजून माहीत नाही, आई."

प्रेमलताबाईंनी मान हलवली, जणू हिशोब बरोबर आला. मग उठल्या, मोबाइल शोधला, चष्मा शोधला आणि मुलाला स्वतःच फोन लावला. "संकेत, ऐक. गोळी मी पाठवत होती. हौ, मीच. श्रियाले मालूम नव्हतं." पलीकडून संकेतचा आवाज आला, इतका मोठा की ईराने पाटीवरून मान वर केली. प्रेमलताबाईंनी फोन कानापासून दूर केला नाही. सगळं ऐकून घेतलं.

श्रियाने पुढे होऊन फोन त्यांच्या हातातून घेतला. "पुडी मी आणत होते, संकेत. रोज. आधी मला बोल."

त्याने फोन ठेवला.

सकाळी पिशवीतला रंग फिकट झाला होता. आकडा चारच्या जवळ आला होता. खोकला थांबला म्हणून प्रेमलताबाईंना, दोन मास्क लावून, आत यायची परवानगी मिळाली. संकेत खिडकीपाशी उभा होता. आईकडे त्याने पाहिलं नाही, पण तिच्यासाठी स्टूल पायाने पुढे सरकवलं. बाबूजींच्या पोटावरचे चट्टे कडांना हिरवट पिवळे पडत होते, आणि डोळ्यांत थोडी तरतरी परत आली होती.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच धरून राहिले.

"क्या सुन रहे हैं?" श्रियाने विचारलं.

"झडपेचा आवाज. धातूची आहे ना, टिकटिक वाजते. गाठ बसायला लागली की आवाज बसतो, दबतो." त्यांनी नळी काढली. "अभी साफ है. आज का दिन संभालना है. आकडा तीनच्या खाली आला की इंजेक्शन सुरू करू. तब तक कुछ नहीं."

"काहीच नाही?" प्रेमलताबाई पहिल्यांदाच बोलल्या. "गोळी नाही, इंजेक्शनही नाही?"

"काहीच नाही, माताजी. आज रक्ताला आपण हात लावायचा नाही."

इतक्या वर्षांत असा दिवस आला नव्हता. प्रेमलताबाई उठल्या, पलंगाच्या दांड्याला धरून वाकल्या आणि नवऱ्याच्या छातीवर कान ठेवला, डावीकडे, नेमक्या जागी, जिथे त्या रोज रात्री ठेवत असाव्यात. डॉक्टर थांबले. संकेत खिडकीकडून वळला. श्रियाने मोबाइल बंद केला, ऑक्सिजनच्या फुसफुशीआड तो आवाज येतो का म्हणून कान दिला, आणि तिला खरंच ऐकू आला. बारीक, कोरडा, घरातल्या सगळ्या आवाजांखाली आजवर दबून राहिलेला.

"आहे," प्रेमलताबाई छातीवरूनच म्हणाल्या. "तसाच आहे."

"अवो," बाबूजींचा घोगरा आवाज आला, "दिवसभर असंच ऐकत बसणार आहे का?"

"हौ," त्या म्हणाल्या, आणि कान हलवला नाही.